गाणी माझ्या पैशाची, मर्जी मात्र यांची!

ऑनलाइन स्टोअरमधून गाण्यांचा एक अल्बम घेतलाय. रीतसर पैसे भरून, पावतीसकट. तो कॉम्प्युटरवरून प्लेअरमध्ये टाकायचाय, बस. फाइल इथून उचलून तिथे ठेवायची, आणि एवढ्याशा कामात अख्खी संध्याकाळ गेली. डोकं नुसतं भणाणलंय.

सुरुवात केबलपासून. लावली तर प्लेअर मजेत चार्ज होतोय आणि कॉम्प्युटर ढिम्म. का? तर म्हणे ही फक्त चार्जिंगची केबल, आत डेटाच्या वायरच नाहीत! बरं, बाहेरून ओळखायला एखादी खूण? तीही नाही. ड्रॉवरमधल्या सगळ्या काळ्या केबल एकेक करून लावत बसा.

मग ते स्टोअरचं सॉफ्टवेअर. प्लेअर सापडल्या सापडल्या विचारतं काय, तर ‘हे उपकरण दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेलं आहे. सगळं पुसून नव्याने सिंक करायचं का?’ अरे, पुसायचं कशाला? मी भर घालायला आलेय! आणि पुसण्याचं बटण ठळक निळं, रद्द करायचं मात्र फिकट, कोपऱ्यात. घाईत एखाद्याचं बोट पडलं की वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं साफ. ‘फक्त ही गाणी टाक’ असा साधा पर्याय द्यायला यांचं काय जातं?

शेवटी फोल्डर उघडून हाताने फाइली ओढल्या. नव्या गेल्या. जुन्या खरेदीतल्या काही गेल्या, पण वाजेनात, कारण त्यांना कुलूप, म्हणजे कंपनीने परवानगी दिलेल्या उपकरणांवरच वाजायची! या कुलपांचा इतिहास वाचला की आणखीच तिडीक जाते. मायक्रोसॉफ्टने 2004 मध्ये ‘प्लेज फॉर शुअर’ नावाचा शिक्का काढला. म्हणजे हा शिक्का असलेल्या स्टोअरमधलं गाणं शिक्क्याच्या प्लेअरवर वाजणारच. 2006 मध्ये त्यांनीच झून हा स्वतःचा प्लेअर आणला आणि त्यावर तीच गाणी वाजेनात! अ‍ॅपलने 2009 मध्ये दुकानातल्या गाण्यांचं कुलूप काढलं खरं, पण आधी घेतलेली गाणी मोकळी करून हवी असतील तर गाण्यामागे तेव्हा 30 सेंट वेगळे. कुलूप यांनीच घालायचं आणि किल्लीचे पैसे आपण द्यायचे. चोरून उतरवलेली एमपी3 मात्र कुठल्याही डबड्यावर बिनबोभाट वाजते. पावती ठेवणारेच मूर्ख!

बरं, गेली एकदाची गाणी म्हणून प्लेअर चालू केला, तर यादी दुप्पट. प्रत्येक गाण्याला एक जुळं भावंड, नावाच्या सुरुवातीला टिंब आणि अंडरस्कोर. लावलं की दोन सेकंद शांतता आणि ‘फाइल खराब आहे’. खराब कसली, ते गाणंच नाही! कॉपी करताना कॉम्प्युटरने स्वतःच्या सोयीची चार केबीची टिपणं गुपचूप सोडलीत. कॉम्प्युटरवर ती दिसतही नाहीत, म्हणजे पुसायची तरी कशी?

क्रमाचाही आनंदच. सातवं गाणं पहिलं, पहिलं मध्येच कुठेतरी. फाइली ज्या क्रमाने मेमरीत पडल्या त्याच क्रमाने हा पठ्ठ्या वाजवतो, ट्रॅक नंबर टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीत, लिहिलेला असला तरी बघायची तसदी नाही. आणि देवनागरीत नाव असलेलं गाणं? नुसते चौकोन. चौकोन, चौकोन, पुढे कंसात एक इंग्रजी शब्द. ओळखा पाहू! चित्रपटगीतांच्या संग्रहाची तर बातच सोडा. प्रत्येक गायकाचा वेगळा अल्बम करून ठेवलाय, एकेका गाण्याचा.

वैतागून स्टोअरच्या सपोर्टला लिहिलं. काय काय झालं ते सविस्तर, स्क्रीनशॉटसकट. उत्तर लगेच आलं हो, अगदी हसऱ्या चेहऱ्यासकट: ‘तुम्ही आमची मासिक योजना घेऊन ॲपवरच गाणी का ऐकत नाही?’ म्हणजे जी गाणी मी विकत घेतलीत, तीच ऐकायला आता दरमहा पैसे भरू? शिवाय उत्तराखाली विचारतात, ‘हे उत्तर उपयुक्त वाटलं का?’