नवसागराची गोळी

कोपनहेगनच्या आमच्या ऑफिसात शुक्रवारी दुपारी गोळ्यांची पिशवी फिरते. शुक्रवारचा खाऊ हे डेन्मार्कात जवळजवळ कुळाचार आहे. पिशवीत अर्धे रंगीत वाईन गम (नावात वाईन, आत थेंबही नाही) आणि अर्धे काळे लाक्रिस.

माझ्या पहिल्याच शुक्रवारी शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "काळी घे, ज्येष्ठमधाची आहे." मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. खोकला झाला की आजी ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्यायची. मी शंकरपाळ्याच्या आकाराची एक उचलली.

आधी लागलं मीठ. मग नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. हा झोंबरा वास ओळखीचा होता, पण कुठला? आठवलं! वाड्याच्या अंगणात कल्हईवाला भाता मारायचा, तापून लाल झालेल्या पातेल्यात चिमूटभर पूड टाकायचा, भस्सकन पांढरा धूर उठायचा आणि आम्ही पोरं नाक धरून पळायचो. पिशवी उलटून वाचलं: सालमियाक. म्हणजे अमोनियम क्लोराइड. म्हणजे आपला नवसागर! ज्यानं आम्ही भांडी चकचकीत केली, तो हे लोक पोराबाळांना खाऊ म्हणून देतात.

थुंकणार कुठे? सहा जण माझ्याकडे टक लावून बघत होते.

"कशी आहे?"

"छान," मी म्हणाले. तिथेच नडलं.

हे वेड जुनंच आहे म्हणा. गा-योल नावाच्या लाक्रिसच्या गोळ्या इथे १९३३ पासून मिळतात. त्यांच्या डबीच्या झाकणाआड एखादं गमतीदार वाक्य छापलेलं असतं. गोळी विरघळेपर्यंत माणसाला काहीतरी आधार हवाच.

पुढच्या शुक्रवारी मी हुशारीनं लाल वाईन गम उचलला. तोंडात फिरवला तर खालची बाजू काळी. गोळीलाही अस्तर लावतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुन्हा तेच मीठ, त्याच झिणझिण्या, पुन्हा "छान".

रात्री फोनवर आईला सगळं सांगितलं.

"नवसागर? कल्हईचा?"

"तोच."

"मग पाणी पी भरपूर. आणि ज्येष्ठमध आहे ना त्यात? घशाला चांगलं असतं."

काल पुन्हा शुक्रवार होता. सहकारीनं पिशवी फिरवलीच नाही. लाल, हिरवे, पिवळे सगळ्यांना वाटून टाकले आणि कागदी द्रोणात जपून ठेवलेल्या अकरा काळ्या गोळ्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

"तुला आवडतात ना, म्हणून कोणाला हात लावू दिला नाही."