मधुमेहावरचा ‘जपानी’ उपाय जपानी घरात कुठेच नाही

‘जपानी माणूस आजारी का पडत नाही’ अशा मथळ्याचा संदेश गेली कित्येक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. गेल्या आठवड्यात तो माझ्या मावशीकडे पोहोचला. तिला मधुमेह आहे, ती रोज इन्सुलिन घेते, आणि हा संदेश वाचून तिने मला फोनवर विचारले की महिनाभर इन्सुलिन बंद ठेवून हा उपाय करून पाहिला तर काय बिघडेल. मी जपानमध्ये राहतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. बिघडेल ते जिवावर बेतणारे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: जपानी लोक सकाळी उठल्याबरोबर दात घासण्यापूर्वी १६० मिलिलिटरचे चार पेले पाणी पितात आणि जेवणानंतर दोन तास काहीही खातपीत नाहीत, त्यामुळे मधुमेह व रक्तदाब ३० दिवसांत, क्षयरोग ९० दिवसांत आणि कर्करोग १८० दिवसांत बरा होतो. जपानी घरात थंड पाणी कोणी पीत नाही. जमिनीवर झोपत असल्याने कंबरदुखी त्यांना ठाऊकच नाही. आणि रोज रात्री अर्धा तास कढत पाण्यात बसल्याने त्यांचा रक्तदाब आटोक्यात राहतो.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली केलेल्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत मधुमेहाची दाट शक्यता असलेल्या प्रौढांची संख्या सुमारे एक कोटी निघाली, आणि जवळपास तितकेच लोक त्या आजाराच्या उंबरठ्यावर असल्याचे दिसले. साडेबारा कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात हे आकडे आहेत. तीस दिवसांत गुण देणारा उपाय घरोघरच्या नळाला येत असता, तर हे दोन कोटी लोक कुठून आले असते? येथील मधुमेही आपल्याकडच्यासारखाच रक्त तपासून घेतो, गोळ्या घेतो, गरज पडल्यास इन्सुलिन टोचून घेतो. ४० ते ७४ वयोगटासाठी २००८ पासून दरवर्षी विशेष आरोग्य तपासणी असते. तीत कंबरेचा घेरही मोजतात; पुरुषाचा ८५ आणि स्त्रीचा ९० सेंटीमीटर किंवा अधिक भरला आणि साखर, रक्तदाब वगैरेंतही दोष दिसला, की आहार व व्यायामाबद्दल समुपदेशन सुरू होते. जपानी पद्धत म्हणून काही सांगायचेच असेल, तर ही सांगावी.

क्षयरोगाचेही तसेच. १९५० पर्यंत जपानमध्ये मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण क्षयरोग होता. पाणी तेव्हाही प्रत्येक घरात होते. १९५१ च्या क्षयरोग नियंत्रण कायद्यानंतर सार्वत्रिक तपासणी, बीसीजी लस आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे यांच्या जोरावर तो हटत गेला, आणि तरीही कमी प्रादुर्भावाच्या देशांत गणना व्हायला २०२१ साल उजाडले.

इन्सुलिन अचानक बंद केल्यास साखर भडकून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. ‘जेवणानंतर दोन तास काही घ्यायचे नाही’ हा नियम तर इन्सुलिन घेणाऱ्यासाठी सरळ धोक्याचा आहे, कारण साखर एकाएकी उतरून दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले, तर त्याच क्षणी साखर किंवा ग्लुकोज तोंडात घालावे लागते. हृदय वा मूत्रपिंड अशक्त असलेल्या ज्या रुग्णांना डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात, त्यांनी एकदम ६४० मिलिलिटर पिणेही योग्य नाही.

निरोगी माणसाने सकाळी पाणी प्यायल्याने काही बिघडत नाही, बद्धकोष्ठाला थोडा आरामही पडतो, एवढे मान्य करावे लागेल. जपानी लोक दीर्घायुषी आहेत हेही खरे. २०२३ साली तेथील स्त्रियांचे सरासरी आयुर्मान ८७.१४ आणि पुरुषांचे ८१.०९ वर्षे होते. पण त्याच घरांतल्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), सोया सॉस आणि लोणच्यांमुळे माणशी रोज सुमारे दहा ग्रॅम मीठ पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमची आहे. १९५१ ते १९८० या काळात पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण होते. मीठ कमी करण्याच्या मोहिमा आणि रक्तदाबावरचे उपचार यांनी ते चित्र पालटले.

थंड पाण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भर थंडीतही येथील साध्या खाणावळीत बसताच समोर बर्फाच्या पाण्याचा पेला येतो, आणि उन्हाळ्यात बहुतेक घरांच्या फ्रीजमध्ये भाजलेल्या जवाच्या गार चहाची सुरई असतेच. कंबरदुखीचे म्हणाल, तर सरकारी पाहणीत जपानी पुरुषांच्या तक्रारींमध्ये तीच अव्वल आहे. शिवाय आता असंख्य जपानी पलंगावर झोपतात.

स्नानाबद्दलचा दावा मात्र अर्धवट खरा असल्याने अधिक फसवा आहे. सगळे कुटुंब एकाच टबातले गरम पाणी वापरते, पण आधी बाहेर बुटक्या स्टुलावर बसून, साबण लावून, अंग पूर्ण स्वच्छ धुऊन मगच आत उतरायचे असते. पाणी गरम राहावे म्हणून टबावर झाकण घालतात, आणि उरलेले पाणी पुष्कळ घरांत कपडे धुण्याच्या यंत्रात जाते. ही सुरेख रीत आहे; रक्तदाबाचे औषध नव्हे. थंड खोलीत कपडे काढून कढत पाण्यात उतरल्याने रक्तदाब झपाट्याने वरखाली होतो, आणि टबात बुडून दगावणाऱ्या वृद्धांची संख्या जपानमध्ये रस्ते अपघातांत दगावणाऱ्या वृद्धांपेक्षा जास्त आहे. म्हणूनच तेथील ग्राहक व्यवहार संस्था सांगते की पाणी ४१ अंशांपेक्षा गरम नसावे, टबात दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, आणि जेवल्यावर लगेच किंवा दारू पिऊन स्नान करू नये. आपल्याकडून मुलांना भेटायला येणारे आईवडील हौसेने टबात बसतात. हिवाळ्यात त्यांच्यासाठी कपडे बदलण्याची जागा आधी गरम करून ठेवावी, तापमान आपणच लावून द्यावे, आणि ते आत असेपर्यंत बाहेरून अधूनमधून हाक मारत राहावे.