एवढा दंड शेजाऱ्याकडे मागणार कोण?

सामायिक पाणी असो नाहीतर कुरण, लोकांनी नीट वागायला कडक दंडच हवा असं लेखात म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. आमच्या इमारतीत टाकी दुपारीच रिकामी व्हायची म्हणून मोठा दंड ठरवला, वर्षभरात एकालाही लागला नाही, कारण रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाकडे एवढे पैसे मागणार कोण? मग प्रत्येक मजल्याने पाळीपाळीने सगळ्यांच्या मीटरचे आकडे जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहायचे आणि कुणाचा वापर वाढला तर आधी नुसतं दार वाजवून सांगायचं असं ठरलं, खरं सांगते, महिनाभरात टाकी संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हेच तर मांडलंय, शिक्षा आधी हलकी मग चढती, आणि लक्ष ठेवणारे वापरणाऱ्यांपैकीच किंवा त्यांना उत्तर देणारे.

त्यांचंच एक उदाहरण, स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ चा नियम, हिवाळ्यात जेवढ्या गाई पोसू शकता तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. गाई काय कुणालाही मोजता येतात, भांडायला जागाच नाही! लेखात दंडावर इतकं लिहिलंय, पण मोजणार कोण आणि कसं यावर एक ओळ नाही.