होस्ट, पोर्ट, पासवर्ड

"काही नाही रे, तीनच गोष्टी द्यायच्यात. होस्ट, पोर्ट, पासवर्ड," असं सांगून टीम लीड चहाला गेला. 'काही नाही रे'ने सुरू होणारं काम आलं की मी आधी घरी 'जेवायला थांबू नका' असा मेसेज टाकतो.

काम होतं आमचं ॲप रेडिस नावाच्या डेटाबेसला जोडायचं. होस्ट म्हणजे तो ज्या मशीनवर आहे त्याचा पत्ता, पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचा दाराचा नंबर. रेडिसची ख्याती वेगाची. सगळा डेटा रॅममध्ये, त्यामुळे उत्तर मिलिसेकंदाच्या आत. आता ते उत्तर मिळायला आधी तिथवर पोचावं लागतं, हे ख्याती गाणारे सांगत नाहीत.

पोर्ट त्यातल्या त्यात सोपा. ठरलेला ६३७९. रेडिस २००९ साली लिहिलं सिसिलीच्या साल्वातोरे सान्फिलिप्पोने. जुन्या फोनच्या बटणांवर एम-ई-आर-झेड ही अक्षरं जुळवली की ६३७९ होतात, आणि मेर्झ हे इटालियन टीव्हीवरच्या एका तारकेचं आडनाव. आमच्या फायरवॉलच्या अर्जात 'हाच पोर्ट का हवा?' असा रकाना आहे. मी 'डिफॉल्ट' लिहून मोकळा झालो. खरं कारण लिहिलं असतं तर अर्ज थेट एचआरकडे गेला असता.

होस्टमध्ये आधीपासून लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन', लिहिलेलं होतं. उत्तर आलं: कनेक्शन रिफ्यूज्ड. हे त्यातल्या त्यात सभ्य उत्तर. दार उघडून 'इथे कोणी राहत नाही' म्हणण्यासारखं. टाइमआउट झाला तर आपण नुसते बेल दाबत उभे. आमचं ॲप एका डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे आपल्यापुरत्या बंद डब्यात, आणि रेडिस दुसऱ्यात. कंटेनरमधलं लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच. म्हणजे ॲप इतका वेळ स्वतःलाच विचारत होतं, रेडिस आहे का? होस्टच्या जागी कंपोज फाइलमधलं, म्हणजे या डब्यांच्या यादीतलं, रेडिसच्या सर्व्हिसचं नाव टाकलं, तर आतून आवाज आला: नोऑथ. पासवर्ड सांगा.

पासवर्ड सिक्युरिटीवाल्यांनी बनवलेला. मधोमध हॅशचं चिन्ह (#). तो यूआरएलमध्ये, म्हणजे पासवर्ड, होस्ट, पोर्ट एका ओळीत लिहायच्या पत्त्यात, जसाच्या तसा घातला आणि पायथन, म्हणजे ॲप ज्या भाषेत लिहिलंय ती, ओरडली, 'पोर्ट हा आकडा नाही!' पोर्ट! बिचाऱ्या ६३७९चा काडीचा संबंध नव्हता. यूआरएलमध्ये हॅश दिसला की पत्ता तिथेच संपतो, आणि पासवर्डचा हॅशच्या आधीचा तुकडा पोर्टच्या जागी जाऊन बसतो. हॅश काढून तिथे टक्क्याचं चिन्ह आणि २३ लिहायचे असतात. हे मला शेजारच्या इंटर्नने मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं. अशा मुलांना लवकर प्रमोशन द्यावं, नाहीतर दुसऱ्या मजल्यावर बसवावं.

मग रेडिसला पिंग पाठवलं, म्हणजे 'आहेस का?' पाँग आलं, म्हणजे 'आहे'. मी खुर्चीतून उठून इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघतंय का.

टीम लीड बघत होता. "झालं ना? मी म्हटलंच होतं. आता हेच प्रॉडक्शनवर, खऱ्या सर्व्हरवर टाक. तिथे टीएलएस आहे, सगळं सांकेतिक करून पाठवतात, म्हणजे यूआरएलमध्ये रेडिसच्या शेवटी एक एस जास्त लागेल. आणि हो, सर्टिफिकेट सिक्युरिटीकडून घे. काही नाही, एक छोटा अर्ज आहे."