मुद्रा लोन आणि "प्लॅन लागत नाही" वाला मेसेज

नाशकातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की मुद्रा लोनला (सरकारी योजनेतलं छोट्या धंद्यासाठीचं बँकेचं कर्ज) धंद्याचा प्लॅन वगैरे काही लागत नाही, आधार दाखवा, 10 लाख घ्या, परत नाही केले तरी चालतं. अर्धवट आहे हे. तारण लागत नाही एवढंच खरं, बाकी कर्ज ते कर्जच, व्याजासकट फेडायचं. आणि रकमेप्रमाणे यात गट आहेत, शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, 10 लाख म्हणजे तरुण गट, तिथे बँक प्रोजेक्ट रिपोर्ट, म्हणजे धंद्याचा प्लॅनच, अन मशीनचं कोटेशन मागतेच.

बँकेचं सोडा हो, स्वतःसाठी तरी आकडे मांडा. माझ्या चुलतभावाने गंगापूर रोडला मिसळचा गाळा घेतला, डिपॉझिट, फर्निचर, बोर्ड यातच सगळे पैसे संपले, फरसाण, पाव, 19 किलोचा सिलेंडर रोज कशातून आणायचा हे धरलंच नव्हतं, त्यात कांदा महागला पण प्लेटचा रेट तोच, तिसऱ्या महिन्यात भाड्यासाठी वहिनीची पाटली मोडली. मिसळ चांगली होती हां त्याची!

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.