मामा, फ्लेक्सवरचं ते विमान डाकोटा नव्हे

काल रात्री अपशिंग्याहून मामांचा फोन. २७ ऑक्टोबरच्या पायदळ दिनाला चौकात फ्लेक्स लावायचाय, 'मजकूर तेवढा नजरेखालून घाल.' बघतो तर आठवडाभर साताऱ्यातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरणारा तोच फॉरवर्ड: 'हेच ते डाकोटा! २७ ऑक्टोबर १९४७ ला ३०० शीख जवान घेऊन श्रीनगरला उतरलेलं पहिलं विमान. आपलं हवाई दल आजही हेच विमान उडवतं. खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा.' मी खराच भारतीय आहे, आणि पुढे पाठवणार नाही.

मामा, आधी शेपूट बघा. डाकोटाचं धड निमुळतं होत मागे जातं आणि शेवटी एकच उभी शेपटी. जमिनीवर ते नाक वर करून बसतं, कारण छोटं चाक शेपटीखाली असतं. तुमच्या फोटोतल्या विमानाचं धड पेटीसारखं आखूड. दोन्ही इंजिनांमागून दोन लांब दांडे निघालेत, ते टोकाला आडव्या फळीने जोडलेत आणि शेपट्या दोन. शिवाय उभं आहे सपाट, नाकाखालच्या चाकावर. हे फेअरचाइल्ड सी-११९, म्हणजे आपल्याकडचं 'पॅकेट'. दोघांनाही पंख्याची दोन इंजिनं, साम्य काय ते तेवढंच.

आणि खरी गंमत तारखेत आहे. पॅकेटचं पहिलं उड्डाण १७ नोव्हेंबर १९४७ चं, तेही अमेरिकेत. फॉरवर्डवाल्यांनी ते त्याआधी तीन आठवडे श्रीनगरला उतरवलं! फोटो जरा मोठा करा, पाठीवर मधोमध एक नळकांडं दिसेल. ते ऑर्फियस जेट इंजिन. हिमालयातल्या उंच धावपट्ट्यांवरून उठायला जोर कमी पडायचा, म्हणून आपण नंतर बसवलेलं. सत्तेचाळीस साली कुठलं आलंय ते?

३०० जवान? डाकोटात माणसं बसायची साधारण २८. आपल्या लाल डब्यात याहून जास्त बसतात. पहिल्या शीख बटालियनचे जवान त्या दिवशी बऱ्याच विमानांतून, फेऱ्याफेऱ्यांनी गेले.

'आजही उडवतं' यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. २०१८ मध्ये तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी जुनं डाकोटा दुरुस्त करवून हवाई दलाला भेट दिलं. नाव 'परशुराम', अंगावर क्रमांक व्हीपी ९०५, श्रीनगरला गेलेल्या विमानाचा. पण क्रमांक मानाने दिलाय, विमान ते नव्हे.

पॅकेटला कमी लेखत नाही हं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात तिथल्या टांगाईलवर छत्रीधारी सैनिक उतरवले, तेव्हा डाकोटांबरोबर पॅकेटही होती. त्या दिवसाचा फ्लेक्स केलात तर हाच फोटो खुशाल लावा.

सध्या मी 'परशुराम'चा फोटो पाठवलाय. त्याखाली 'त्याच जातीचं विमान' एवढंच लिहा. फ्लेक्सवाला आठ वाजता छपाईला घेणार म्हणालात, आता साडेसहा झालेत. आणि मामा, फोन सायलेंटवरून काढा.