एमकॅट जूनमध्ये? एमडी-पीएचडी करायचं असेल तर नको

परवा मावशीचा न्यू जर्सीहून फोन. माझी मावसबहीण कॉलेजच्या थर्ड इयरला आहे, एमडी-पीएचडीला (डॉक्टरकी आणि संशोधन, दोन्ही डिग्र्या एकत्र) अप्लाय करायचंय, आणि घरात ठरलंय की एमकॅट, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकलची प्रवेश परीक्षा, जूनमध्ये द्यायची कारण सेमिस्टर संपल्यावर निवांत अभ्यास होतो. मी तासभर नको नको म्हणत होते. तेच इथे लिहिते, कारण आपल्याकडची बरीच मुलं सध्या याच विचारात असतील.

मी स्वतः जूनच्या शेवटी दिली होती. रिझल्ट यायला महिनाभर लागतो, म्हणजे जुलै संपत आला. अर्ज मात्र मे महिन्यात उघडतो आणि मेच्या शेवटापासून सबमिट करता येतो. स्कोअर नसताना अर्ज टाकता येतो, व्हेरिफिकेशन (अर्जातल्या मार्कांची पडताळणी) सुरू होतं, हे खरं आहे आणि याच भरवशावर सगळे जून धरतात. पण नुसत्या एमडीवाल्यांना एक पर्सनल स्टेटमेंट असतं, आपल्याला, म्हणजे एमडी-पीएचडीवाल्यांना, त्यावर अजून दोन निबंध. एक 3,000 कॅरेक्टर्सचा, हे दोन्ही का करायचंय म्हणून, आणि दुसरा रिसर्चचा तब्बल 10,000 कॅरेक्टर्सचा. हा दुसराच खरा अर्ज आहे असं माझं ठाम मत आहे, कारण वाचणारे स्वतः लॅब चालवणारे लोक असतात.

माझा तो निबंध कसा लिहिला गेला सांगते. दिवसा लॅबमध्ये पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया) लावायचा, मशीन चालू असेपर्यंत मोबाईलवर अमायनो ॲसिडची फ्लॅशकार्डं, संध्याकाळी कार्सचे (एमकॅटमधला वाचन-आकलनाचा भाग) उतारे, आणि रात्री अकरानंतर निबंध. माझ्या पीआयनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, पहिला ड्राफ्ट वाचला आणि समासात पेन्सिलनं लिहिलं की तू काय काय केलंस ते सगळं आहे, पण प्रश्न काय होता ते कुठेच नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे. सुधारायला वेळच नव्हता, परीक्षा नऊ दिवसांवर होती, तसाच पाठवला.

स्कोअर 514 आला, चांगला होता. इंटरव्ह्यू आला एकच, सीट नाही. पुढच्या वर्षी तोच स्कोअर (बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षं चालतो), तीच लॅब, फक्त निबंध पहिल्यापासून नवीन लिहिला, एप्रिलपासून सात वेळा. सहा इंटरव्ह्यू आले. मधल्या वर्षात लॅबचं कामही पुढे गेलं होतं, त्याचा हातभार असणारच, पण प्रत्येक इंटरव्ह्यूत प्रश्न निबंधातल्या ओळी धरूनच विचारले.

म्हणून माझं म्हणणं, जानेवारीची तारीख घ्या. परीक्षेला लागणारा बायोकेमिस्ट्रीचा कोर्स डिसेंबरपर्यंत होणार असेल तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपासून फुल लेंथ टेस्ट (पूर्ण वेळेच्या सराव परीक्षा) सुरू करता येतात, हिवाळ्याची सुट्टी हाताशी असते, आणि स्कोअर कमी आलाच तर एप्रिल-मे शिल्लक राहतो. बायोकेमिस्ट्री झाली नसेल तर एप्रिल, त्याच्यापुढे नको. आणि प्रॅक्टिसचे मार्क हवे तिथे पोचलेच नसतील तर "बघू काय होतं ते" म्हणून जाऊन बसू नका, ब्रेक धरून साडेसात तासांची परीक्षा आहे, वर्षात तीनदाच देता येते, आयुष्यात सातदा, आणि तिथे बसून स्कोअर व्हॉइड (रद्द) केलात तरी ती एक वेळ मोजली जातेच. त्यापेक्षा अर्जच एक वर्ष पुढे ढकला आणि ते वर्ष लॅबमध्ये घालवा. आपल्या घरांत एक वर्ष गेलं म्हटलं की आईबाबांचा चेहरा उतरतो, मला कळतं ते, माझ्याही आईचा उतरला होता. पण हा कोर्सच आठ-आठ वर्षांचा आहे आणि बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, तिथे एका वर्षासाठी अर्धवट अर्ज कशाला पाठवायचा?

मावशीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली काकांशी बोलते. रात्री बहिणीचा मेसेज आला, ताई बायोकेम या सेमिस्टरलाच आहे, जानेवारीची घेते, आणि निबंधाचा पहिला ड्राफ्ट कधी पाठवू. मी म्हटलं प्रश्न काय आहे तेवढं एका ओळीत आत्ताच पाठव.